मुहूर्ताच्या गाडीवरचं ‘ऑन’

शुभ दिवशी माणूस भांडत नाही. घरातल्या बाया जरीच्या साड्या नेसून उभ्या आहेत, ताटात निरांजन पेटलेलं आहे, पोरं फोटोसाठी गाडीभोवती जमली आहेत, आणि अशा वेळी कुणी कागद पुढे करून म्हटलं की साहेब, एवढे अजून द्यावे लागतील, तर माणूस कागदाकडे बघतो, बायकोकडे बघतो आणि देऊन टाकतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी ज्या शोरूममध्ये नोकरीची वर्षं काढली, तिथला अर्धा धंदा या एका गोष्टीवर चालायचा. आता मी रिटायर आहे, मला कुणी कामावरून काढू शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

संपादक म्हणाले, शोरूममधले गमतीचे अनुभव लिहा. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलं की आधी राग येतो, त्याला मी काय करू? आणि आमची जबलपूरची मराठी हिंदीत भिजलेली, ती तशीच छापा. धुऊन वाळवून छापली तर ती माझी राहणार नाही.

माझं काम डिलिव्हरीचं, म्हणजे नवी गाडी ग्राहकाच्या हाती देण्याचं. गाडी धुऊन आली की काचेवर डाग आहे का, टायरमध्ये हवा बरोबर आहे का, डिक्कीत स्टेपनी आणि जॅक आहे का हे बघायचं. कागद लावायचे. मग गाडीवर साटिनचं कापड टाकायचं. घरचे लोक आले की त्यांनाच ते ओढायला लावायचं, टाळ्या वाजवायच्या, नारळ, हार, चाकाखाली लिंबू, फोटो. त्यानंतर अर्धा तास बटणं समजावायची, जे कुणीही ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी फोन येतोच, ‘दीदी, ये वायपर बंद कैसे होगा?’ मला या कामाचा अभिमान होता आणि अजून आहे. माणूस आयुष्यात दोन-तीनदा गाडी घेतो. त्या दिवशी त्याचा चेहरा बघायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आता ज्यांनी गाडी घेतली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाडीची शोरूम किंमत कंपनी ठरवते. त्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा. खलास. डीलरचं कमिशन कंपनी देते, त्याला वरून घ्यायची गरज नाही आणि हक्क तर नाहीच. पण एखादी गाडी अशी येते की मागणारे गावभर आणि गाड्या मोजक्या. मग ‘ऑन’ सुरू होतं. ऑन म्हणजे किमतीच्या वरचे पैसे. बिलात ‘ऑन’ असं कुठेच लिहिलेलं नसतं. ते सीट कव्हरच्या आत जाऊन बसतं, मॅटच्या खाली झोपतं, पॉलिशमध्ये मिसळतं. आमच्या गावातल्या ओमती बाजारात जे सीट कव्हर मिळायचं, तेच आमच्याकडे तिप्पट भावानं. तेच कापड, तीच शिवण, कारण आम्ही ते ओमतीहूनच आणवत होतो. आणखी एक ओळ असायची, ‘हँडलिंग’. कोण काय हँडल करतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी मीच सांभाळायचे आणि मला तर त्यातला रुपया मिळाला नाही.

नारळ, हार आणि लिंबंसुद्धा बिलात होती. त्याचं नाव ‘वेलकम किट’. एकदा रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब पिशवीत स्वतःचा नारळ घेऊन आले. म्हणाले, नारळ माझा, लिंबं माझी, देवही माझाच, तुमचं वेलकम तुमच्यापाशी ठेवा. ती ओळ कापल्याशिवाय त्यांनी गाडीची किल्ली घेतली नाही. असे लोक फार कमी. उलटेच जास्त. पनागरचे एक मटारचे व्यापारी पोरासाठी गाडी घ्यायला आले, त्यांनी मागितलं तेवढं ऑन दिलं आणि वर सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं सांगितलं की हमने ऊपर से दिया है, तब मिली है. यात काय मिरवायचं? लुटलं गेल्याचा हार घालून फिरायचं? पण अशा लोकांमुळेच डीलरची हिंमत वाढते, हे कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं, ते आज सांगते.

सौरभजी आमचे सेल्स मॅनेजर. गोड बोलणारा माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या दोन पद्धती होत्या. पहिली, गाडीला जे काही लावायचं ते ग्राहकाला न विचारता आधीच लावून टाकायचं. दाराला भोकं पडली, पट्टी चिकटली, की माणूस काय करणार? काढली तर खूण राहते. दुसरी पद्धत माझ्यावर बेतलेली होती. जबलपूरला मराठी घरं पुष्कळ, फॅक्टरीवाली, रेल्वेवाली, सरकारी नोकरीतली. असा ग्राहक आला की सौरभजी मला बोलवायचे. ‘दीदी, आपके लोग हैं, आप मराठी में समझा दो.’ घरची भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो, मान डोलावतो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मी समजावत असे ते नियम, कागद, विमा. पैशाचं आपलं आपण बोला, हे मी त्यांना पहिल्यापासून सांगितलेलं होतं, आणि बरीच वर्षं त्यांनी ते चालवून घेतलं.

मग ती गाडी आली. दिसायला आपली साधी लहान गाडी, पण आत टर्बो इंजिन, हातानं टाकायचा गिअर, आणि कंपनीनं ठरवून थोड्याच काढलेल्या. कॉलेजची पोरं नुसती ती सुरू केल्याचा आवाज ऐकायला यायची. पहिल्याच आठवड्यात ऑन सुरू झालं.

वर्षा ढोबळे त्या गाडीसाठी सगळ्यात आधी आलेली. रेल्वेत इंजिनिअर, तिशीतली, लग्न केलेलं नाही, वडिलांसोबत राहते. मराठी तिला सगळी समजते, पण बोलायला लागली की दुसऱ्या वाक्याला हिंदी. लाल रंग, हाताचा गिअर, आणि वरचं काहीही नको, सीट कव्हरसुद्धा नको, असं तिनं बुकिंग करतानाच साफ सांगितलं. सौरभजींनी हो म्हटलं. मग तिनं कारणही सांगितलं, मी शेजारीच उभी होते.

तिचे वडील मनोहरराव लष्कराचे ट्रक बनवणाऱ्या फॅक्टरीत टेस्ट ड्रायव्हर होते. नवा ट्रक तयार झाला की ट्रॅकवर चालवून बघायचा, चढावर, चिखलात, ओझं भरून. सगळी नोकरी त्यांनी तेच केलं. स्वतःची म्हणाल तर एक स्कूटर. पळणारी गाडी त्यांनी कधी हातात धरली नव्हती आणि ती एकदा चालवायची त्यांना फार इच्छा होती. आता डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं दिसणं कमी होत चाललेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अजून थोडे महिने दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्यावर चालवा, पुढे बंद. म्हणून वर्षाला गाडी लवकर पाहिजे होती. ‘बाबांनी चालवायला पाहिजे, मेरे लिए नहीं ले रही हूँ,’ ती म्हणाली. सौरभजींनी मान हलवली आणि खूप आपुलकीनं सांगितलं की अंकलजी के लिए तो हम जान लगा देंगे.

गाडी यायला उशीर होत गेला. वर्षा दर आठवड्याला फोन करायची, मी विचारून सांगायचे. शेवटी गाडी आली आणि डिलिव्हरी दसऱ्याला ठरली. दिवस सौरभजींनीच सुचवला. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण सणाच्या दिवशी आमच्याकडे गाड्यांची रांग असते, मी कामात बुडालेली होते, आणि ती गाडी सकाळीच कापड टाकलेल्या अवस्थेत माझ्यापुढे आणून उभी केली.

ढोबळे मंडळी आली. मनोहरराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वर्षाचा दंड धरून. सोबत तिची आत्या, हातात ताट, पदराला आपट्याची पानं बांधलेली. मी मनोहररावांना काकाजी म्हटलं आणि कापडाचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ओढलं.

काय सांगू? दारांना क्रोमच्या पट्ट्या, खिडक्यांवर काळे व्हायजर, मागे स्पॉयलर, आत त्या सुंदर घट्ट सीटांवर ओमतीची चमकणारी कव्हरं. नवरीच्या अंगावर दुसऱ्याचे दागिने घालून उभी करावी तशी ती गाडी दिसत होती. टाळ्या वाजवायला माझे हात उठले नाहीत. काकाजींना ते सगळं एका नजरेत दिसत नव्हतं, ते हातानं चाचपत गाडीच्या कडेकडेनं गेले, पट्टीवर हात थांबला, मग दार उघडून स्टिअरिंगमागे बसले. बसल्यावर दोन्ही हात चाकावर ठेवले आणि हसले.

तेवढ्यात सौरभजींनी वर्षापुढे कागद ठेवला. पट्ट्या, व्हायजर, कव्हरं, पॉलिश, आमच्याकडचाच महागडा विमा, हँडलिंग. सगळं मिळून तिच्या तीन पगारांएवढं. बिल सणाच्या सकाळीच काढायचं हा त्यांचा कायदा, म्हणजे आधी कुणाला कळायला नको. वर्षा म्हणाली की मी तर नको म्हटलं होतं. सौरभजी म्हणाले, ‘मॅडम, इस मॉडल में पैकेज कंपल्सरी है,’ आणि माझ्याकडे वळले. दीदी, मराठीत समजावून सांगा.

त्या दिवशी माझ्या डोक्यात सणक गेली. आजवर पैशाचं बोलायचं नाही हा माझा नेम होता आणि या माणसानं नेमका आजच तो मोडायला लावला. मी म्हटलं, ठीक आहे, समजावते. वर्षाला आणि आत्याला जवळ घेऊन मी मराठीत सांगितलं, “हे घ्यायलाच पाहिजे असा कोणताही नियम नाही. हे म्हणतात ते खोटं आहे. पण नाही म्हटलं तर आज गाडी मिळणार नाही, आणि इथून पुढे कधी मिळेल ते सांगता येणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तू ठरव.”

वर्षानं पर्समधून फोन काढला आणि बँकेचं ॲप उघडलं. ओठ दाबलेले, डोळ्यांत पाणी. देणार होती बिचारी. अडला हरी म्हणतात, तिचा हरी गाडीत बसला होता. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मीही दिले असते.

आणि इथं सौरभजी एक वाक्य जास्तीचं बोलले. काम झालंच होतं, गप्प बसले असते तर पैसे मिळाले असते. पण गोड बोलायची सवय. ते गाडीच्या खिडकीशी वाकून काकाजींना म्हणाले, “अंकलजी, अच्छा फैसला है. आँखों का मामला है, आप लोगों को तो देर करनी ही नहीं चाहिए.”

काकाजींचे हात चाकावरून खाली आले. वर्षानं त्यांच्या डोळ्यांचं इथं सांगितलंय, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं कसले पैसे, कशाचे. आत्यानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. ते ऐकून घेऊन काकाजी हळूहळू बाहेर उतरले, दार नीट लावलं.

“हे लोक माझ्या डोळ्याचा भाव करून राहिले काय?” ते म्हणाले. “वर्षा, फोन ठेव.”

वर्षा म्हणाली, बाबा, प्लीज, पैसे की बात नहीं है. खूप विनवलं तिनं, हिंदीत, मराठीत, सगळ्या लोकांसमोर. अजून थोडेच महिने आहेत हेही बोलून गेली. काकाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काहून रडतेस? नाही चालवली तर नाही चालवली. पण या माणसाला दिलेल्या पैशाची गाडी माझ्यानं चालवल्या जाणार नाही.”

आत्यानं निरांजन फुंकरीनं विझवलं. तरी दसरा आहे म्हणून तिनं पदरातली पानं सोडली, एक मला दिलं, एक दारावरच्या वॉचमनला. सौरभजींनी हात पुढे केला होता. ती त्यांच्यासमोरून तशीच गेली.

ती गाडी त्याच दुपारी एका ठेकेदाराच्या मुलानं नेली, वर्षाला सांगितलं होतं त्याहून जास्त देऊन. त्याला क्रोम फार आवडलं. संध्याकाळी सौरभजींनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. मला वाटत होतं, माझी मराठी या माणसाच्या डोक्यावरून गेली असणार. ते शांतपणे, स्वच्छ मराठीत म्हणाले, “दीदी, मी फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. आमच्या डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला मराठी.” इतकी वर्षं मला पुढे करत होते आणि शब्दन् शब्द समजत होता. दुसऱ्या दिवसापासून मी फोनवर. जुन्या ग्राहकांना विम्याच्या तारखेची आठवण करून द्यायची. रिटायर होईपर्यंत मी एकाही नव्या गाडीला हार घातला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं काहून बोलू? पण बोलल्याचं वाईट वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

माझ्या सांगण्यावरून वर्षानं कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, फार सभ्य. आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. ॲक्सेसरीजची किंमत हा डीलर आणि ग्राहक यांच्यातला विषय आहे. म्हणजे घर कंपनीचं, पाटी कंपनीची, आणि आत पाहुण्याचा खिसा कापला तर तो पाहुण्याचा आणि कापणाऱ्याचा आपसातला मामला. हे उत्तर मला अजून मधूनमधून आठवतं आणि भांडी घासताना एखादं भांडं जोरात आपटलं जातं.

वर्षानं नागपूरला नंबर लावला. तिथल्या डीलरनं वरचं काही मागितलं नाही, हेही लिहायला पाहिजे, सगळेच तसे नसतात. पण तिथं तिचा नंबर शेवटचा. दिवाळी गेली, थंडी गेली. मी अधूनमधून फोन करायचे. आधी सांगायची की बाबा गल्लीत स्कूटर काढतात. मग सांगायला लागली की स्कूटर विकली. नंतर मी डोळ्यांचं विचारणं सोडून दिलं.

उन्हाळ्यात एक दिवस ती गाडी माझ्या दारात येऊन थांबली. लाल, कोरी, एकही पट्टी नाही. वर्षा चालवत होती, काकाजी शेजारच्या सीटवर. त्यांना आता नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसत होतं, बाकी अंधार. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. काकाजी म्हणाले, ताई, बसा मागे, तुम्ही आमच्याकडून बोलल्या होत्या. मी आहे त्या साडीवर बसले.

बरगी धरणाच्या रस्त्याला लागलो तेव्हा मला दिसलं. काकाजींचा उजवा हात गिअरवर होता. वर्षा क्लच दाबायची आणि ते गिअर टाकायचे. दोघं एकमेकांना काही सांगत नव्हते. इंजिनचा आवाज चढला की तिचा पाय खाली जायचा आणि त्याच वेळी त्यांचा हात पुढे किंवा मागे. तिसरा, चौथा, मोकळा रस्ता आला तसा पाचवा. गाडी अशी पळाली की मी मागे सीट घट्ट धरून बसले. एकदाही गिअर अडकला नाही, एकदाही गाडीनं हिसका खाल्ला नाही.

धरणाच्या अलीकडे एका झाडाखाली वर्षानं गाडी उभी केली. काकाजींनी गिअर न्यूट्रलवर आणला आणि हात तिथंच ठेवून म्हणाले, “ताई, आज मी अर्धी गाडी चालवली.”

ते खुशीत होते. वर्षा खिडकीबाहेर बघत होती. मी जन्मभर बोलायचा पगार घेतला, पण मला त्यांना छान चालवली एवढंच म्हणता आलं. वर्षानं ऑन दिलं नाही, पैसे वाचवले, असं त्यांच्या कॉलनीतले लोक कौतुकानं सांगतात. ती उरलेली अर्धी गाडी कुणाकडून वसूल करायची, ते मात्र कुणी सांगत नाही.